तेहतीस विधानं आणि आपला इंग्रजीचा वर्ग

संशोधनाची तयारी करत असाल आणि विषय इंग्रजी शिकण्या-शिकवण्याशी जोडलेला असेल, तर सिनॉप्सिस लिहायच्या सुमारास कुणीतरी तुम्हाला हमखास सांगणार, "टूल तयार आहे, ते वापरून टाका." ते टूल बऱ्याचदा तेहतीस विधानांची एक मापनी असते. परकीय भाषेच्या वर्गात वाटणारी चिंता मोजणारी. इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप या तिघांनी ती १९८६ साली 'द मॉडर्न लँग्वेज जर्नल'मध्ये मांडली. तिला एफएलसीएएस म्हणतात. शोधगंगेवर भाषेच्या चिंतेवरचे प्रबंध शोधायला बसलात तर ती भेटेलच.

आज त्या लेखाची आणि मापनीची चिकित्सा करू. आधीच सांगते, मूळ लेख मला आवडतो. आठ पानांचा आहे, भाषा सोपी आहे आणि जे केलंय ते मन लावून केलंय. माझी जास्त तक्रार आपण पुढे त्याचं काय केलं याबद्दल आहे. लेखालाही दोन-तीन प्रश्न विचारायचे आहेतच, पण ते ओघात येतील.

तर आधी, लेखात आहे काय? जागा ऑस्टिन इथलं टेक्सास विद्यापीठ. १९८३ च्या उन्हाळ्यात तिथे नव्याने एखादी भाषा शिकायला लागलेल्या २२५ विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, की भाषेच्या वर्गाचं दडपण येत असेल तर मदत-गटात यायला आवडेल का. ७८ जणांनी रस दाखवला. जागा होती पंधरा-पंधराच्या दोन गटांपुरतीच. त्या गटांत मुलं बोलली. बोलायची वेळ आली की डोकं रिकामं होतं. घरी येणारं व्याकरण परीक्षेत आठवत नाही. बाकीचे सगळे आपल्यापेक्षा पुढे आहेत असं वाटतं. हे बोलणं, समुपदेशनातला अनुभव आणि तोवरच्या इतर मापन्या यांतून तेहतीस विधानं तयार झाली. मग ती स्पॅनिशच्या सुरुवातीच्या चार वर्गांतल्या ७५ विद्यार्थ्यांना दिली आणि उत्तरं छापली.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. या मापनीची खरी ताकद तिच्या आकडेवारीत शोधू नका. ती आहे त्या मदत-गटांत. आधी ऐकलं, मग विधानं लिहिली. आपल्याकडे ही मापनी येते तेव्हा ऐकण्याचा भाग टेक्सासातच राहतो आणि फक्त विधानं येतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडची वाक्यं आपण आपल्या मुलांच्या तोंडी घालतो आणि विचारतो, "सहमत की असहमत?"

आता त्या ७५ जणांचा आणि आपल्या प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गाचा विचार करा. त्यांच्यासाठी स्पॅनिश हा एक विषय होता. बाकीची पदवी इंग्रजीतून, घर इंग्रजीतून, नोकरी इंग्रजीतून. स्पॅनिशमध्ये कमी ग्रेड मिळाली तर वाईट वाटेल, पण आयुष्याचा दरवाजा बंद होणार नाही. (टेक्सासमध्ये घरी स्पॅनिश बोलणारे लाखो लोक आहेत. त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी, आणि ती या लेखात नाही.) शिवाय वर्ग नवशिक्यांचा. आजपर्यंत ही भाषा का आली नाही, असं कुणी कुणाला विचारत नाही. कारण ती शिकलेलीच नसते.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज जो मुलगा अकरावी-बारावी करून कॉलेजात येतो, तो बारा वर्षं इंग्रजी 'शिकून' आलेला असतो. त्याच्या भीतीला म्हणूनच एक वेगळी धार असते. नवीन गोष्ट येत नाही याची ती भीती नसते. बारा वर्षं होऊनही येत नाही, हे उघडं पडेल याची असते. स्पॅनिशच्या पहिल्या सत्रात बसलेल्या माणसाला या लाजेशी देणंघेणं नाही. त्यामुळे तेहतीस विधानांत ती कुठेही नाही. आणि माझ्या मते आपल्या वर्गातली सगळ्यात मोठी भीती हीच आहे.

त्यात बाकांची रचना बघा. एका बाजूला इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं, मध्ये सेमी-इंग्लिशवाली, मागे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि आश्रमशाळेतून आलेली. कुणी सांगितलेलं नसतं, तरी पहिल्या आठवड्यात हे होतं. भाषा इथे फक्त विषय नाही, कुठून आलास याचा दाखला आहे. लग्नाच्या बायोडेटातही 'शिक्षण : इंग्लिश मीडियम' लिहितात, मग वर्गात काय होत असेल!

हा फरक तपासायचा असेल तर पुण्यात सोपी सोय आहे. मराठी माध्यमातून शिकलेला, कंपल्सरी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारा एखादा विद्यार्थी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या पहिल्या पातळीला बसवा. तिथे सगळेच शून्यावर. कॉन्व्हेंटवालीचंही 'डेर-डी-दास' चुकतं आणि याचंही. उलट याला तीन लिंगांची सवय घरातूनच आहे. तो, ती, ते करतच मोठा झालाय. जपानी घेतलं तर आणखी गंमत, क्रियापद शेवटी आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे, अगदी मराठीसारखं. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा मुलगा इथे पुढे हात वर करताना दिसू शकतो. माणूस तोच, चिंता करण्याचा स्वभाव तोच. बदलला तो वर्ग आणि त्या भाषेचा समाजातला भाव. पण मापनीचं नाव 'परकीय भाषेच्या वर्गातली चिंता', आणि आपण इंग्रजीला सहज 'परकीय'च्या जागी बसवून मोकळे होतो. विधानातला 'परकीय भाषा' हा शब्द काढून 'इंग्रजी' टाकला की झालं अनुकूलन, असं समजणारे कमी नाहीत.

पण हेही सरळ नाही. जपानीच्या वर्गात व्याकरण समजावलं जातं कशातून? पुष्कळदा इंग्रजीतून. टिपा इंग्रजी, शब्दार्थ इंग्रजी. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर गेलेली इंग्रजीची भीती मागच्या दाराने जपानीच्या वर्गात येते. तिथे मापनी भरून घेतली तर जो आकडा येईल तो जपानीचा की इंग्रजीचा? हा मला खरोखर चांगला संशोधन-प्रश्न वाटतो. कुणाला घ्यायचा असेल तर घ्या, माझा हक्क नाही.

आता विधानांकडे. शब्दशः देत नाही, आशय सांगते. शिक्षक परक्या भाषेत काय बोलतायत ते कळलं नाही की घाबरायला होतं, अशा अर्थाचं एक विधान आहे. ग्रामीण कॉलेजात इंग्रजीचे सर धडा वाचतात आणि मराठीत सांगतात. त्या मुलीने यावर कशावर खूण करायची? न कळण्याची वेळच येत नाही, म्हणून 'असहमत'. आणि हे 'असहमत' आपण 'चिंता कमी' म्हणून मोजणार. आपलं नाव पुकारलं जाणार हे कळलं की छातीत धडधडतं, असं दुसरं. शंभरेक मुलांच्या वर्गात नाव पुकारलं जातं ते फक्त हजेरीला. पुढे, ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याशी बोलताना अवघडणार नाही, अशा आशयाची दोन विधानं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या मुलाला इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाशी बोलायची पाळी कधी येणार? त्याला ज्यांच्याशी इंग्रजी बोलायची भीती वाटते ते म्हणजे कंपनीतला एचआर, बँकेतला साहेब, शहरातली मावसबहीण. सगळे भारतीय, बरेचसे मराठीच! मापनीत ही माणसं नाहीत. दुसऱ्या भाषेची चिंता आणि परकीय भाषेची चिंता यांतला फरक इतका साधा आहे, की तो समजायला सिद्धान्तही लागत नाही, एका मुलाशी अर्धा तास बोललं तरी पुरतं.

भाषांतराचं तर विचारूच नका. 'अँग्झायटी'ला आपण 'चिंता' लिहितो, कारण मानसशास्त्राच्या परिभाषेत तोच शब्द आहे. पण बोलण्यात चिंता असते घराची, पैशाची, आजारी माणसाची. ती सावकाश पोखरते. वर्गात उभं राहिल्यावर जे होतं त्याला मुलं चिंता म्हणत नाहीत. धाकधूक, दडपण, टेन्शन, लाज, घाम फुटणं, त-त-प-प होणं, हसं होणं, फजिती असे शब्द येतात. मुलाखती घेताना मी हे शब्द वेगळे लिहून ठेवते, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यातले अर्धे शब्द दुसऱ्या माणसाशिवाय अर्थच देत नाहीत. हसं व्हायला हसणारा लागतो. लाज वाटायला बघणारा लागतो. टेक्सासच्या विधानांतही इतरांच्या हसण्याची भीती आहे, नाही असं नाही, पण बहुतेक वाक्यं 'मला असं होतं, मला तसं होतं' अशी. आपल्या मुलांच्या वाक्यांचा कर्ता बऱ्याचदा 'ते' असतो. ते हसतात. ते बघतात. तुमच्या मराठी प्रश्नावलीत हा कर्ता टिकला का, ते तपासा.

आता थोडं गणित. घाबरू नका, तिसरीतलं आहे.

तेहतीस विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. कमीत कमी ३३, जास्तीत जास्त १६५. यातली २४ विधानं भीतीच्या बाजूने लिहिलेली आहेत आणि ९ उलट्या बाजूने, म्हणजे 'मला काही वाटत नाही' अशा धर्तीची. उलट्या विधानांचे गुण उलटे करायचे असतात. आता एक मुलगा धरा, ज्याला प्रश्नावली वाचायचा कंटाळा आलाय. त्याने सगळीकडे 'सांगता येत नाही'वर खूण केली. त्याची बेरीज ९९. दुसरी मुलगी धरा, सरांनी दिलंय तर नाही कसं म्हणायचं अशा स्वभावाची. तिने सगळीकडे 'सहमत' केलं. २४ गुणिले ४ म्हणजे ९६, ९ गुणिले २ म्हणजे १८, एकूण ११४. दोघांनीही एक अक्षर वाचलेलं नाही.

हे आकडे कशाशी ताडायचे? हॉर्विट्झ यांच्या १०८ विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी ९४.५ होती. १९९४ साली युकिए आयदा यांनी त्याच विद्यापीठात जपानी शिकणाऱ्या ९६ जणांना हीच मापनी दिली, सरासरी आली ९६.७. म्हणजे कंटाळलेला मुलगा टेक्सासच्या सरासरीपेक्षा जास्त 'चिंताग्रस्त' आणि आज्ञाधारक मुलगी तर त्याहून बरीच पुढे. मग एखाद्या प्रबंधात सरासरी १०२ येते, शेजारी 'मध्यम स्वरूपाची चिंता' असं लिहिलं जातं, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात ते वाक्य ठळक अक्षरांत येतं. ती चिंता होती की कंटाळा, की सौजन्य? बेरजेवरून सांगता येत नाही. आणि ९ विधानांचे गुण उलटायला विसरलात, तर त्या आज्ञाधारक मुलीचे होतात १३२. एक्सेलमध्ये ही चूक सहज होते आणि नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक उत्तरपत्रिकेत उलट विधानं आणि सुलट विधानं एकमेकांना छेद देतात का, एवढं तरी हाताने बघा. जिथे तीच व्यक्ती 'मी घाबरते' आणि 'मी घाबरत नाही' दोन्हीला सहमत आहे, तिथे तुमच्या मापनीने भीती मोजलेली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण विश्वसनीयता ०.९३ आहे." हो, क्रॉनबॅकचा अल्फा मूळ अभ्यासात ०.९३ होता. तुमचाही ०.९ च्या आसपास येईल, आणि तुम्ही तो पहिल्याच तक्त्यात टाकाल. पण अल्फा कसा वाढतो ते बघून घ्या. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२५ असला, म्हणजे फार नाही, तरी ३३ विधानं असतील तर अल्फा सुमारे ०.९२ येतो. त्याच ०.२५ ला विधानं दहाच असतील तर ०.७७. म्हणजे यातली बरीचशी उंची विधानांच्या संख्येने मिळवलेली आहे. आणि अल्फा एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. ती कशाबद्दल आहेत, हे सांगणं त्याचं काम नाही. ते काम सप्रमाणतेचं, आणि सप्रमाणता टेक्सासवरून उसनी आणता येत नाही. ती प्रत्येक गटात नव्याने दाखवावी लागते. बी.एड.ला विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक पाच गुणांना लिहिलेला असतो सगळ्यांनी. प्रबंधात मात्र तो आठवत नाही.

तीन घटकांची भानगडही अशीच. संवादाची धास्ती, परीक्षेची चिंता आणि लोक वाईट ठरवतील याची भीती, हे तीन घटक या मापनीत आहेत असं तुम्हाला प्रत्येक दुसऱ्या लेखात वाचायला मिळेल, कुठे कुठे तर कोणतं विधान कुठल्या घटकात याचा तक्ताही. मूळ लेख काढून बघा. तिथे या तीन गोष्टींशी परकीय भाषेच्या चिंतेचं साम्य सांगितलंय आणि लगेच म्हटलंय, की ही चिंता म्हणजे त्या तिघांची नुसती बेरीज नाही, ती भाषा शिकण्याच्या प्रक्रियेतूनच येणारी वेगळी चीज आहे. आयदा यांनी घटक विश्लेषण केलं तेव्हा चार घटक निघाले आणि परीक्षेची चिंता त्यात वेगळी उभी राहिलीच नाही. शेवटी २०१७ साली इलेन हॉर्विट्झ यांनी स्वतः एक प्रकरण लिहून आपल्या लेखाचं हे चुकीचं वाचन होतंय असं सांगितलं. एवढं होऊनही तीन उपमापन्यांचे तक्ते छापले जातातच. कारण तीन घटक म्हणजे तीन गृहीतकं, तीन तक्ते, तीन आलेख. प्रकरण भरतं.

आता मूळ लेखाला विचारायचा प्रश्न. चिंतेमुळे भाषा येत नाही, की भाषा येत नाही म्हणून चिंता? लेखाचा कल पहिल्या बाजूला. त्याला रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शाव यांनी १९९१ पासून त्याच नियतकालिकात सतत विरोध केला. त्यांचं म्हणणं, ज्यांना मातृभाषेतच ध्वनी, अक्षरं, वाक्यरचना हाताळताना अडचण असते त्यांना परकी भाषाही जड जाते, आणि चिंता हा त्याचा परिणाम. पीटर मॅकइन्टायर यांनी १९९५ साली त्यांना उत्तर दिलं, की चिंताही स्वतंत्रपणे आड येते. हा वाद वाचाच. दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या आकड्यांतून उलटे अर्थ काढतात, हे शिकण्यासारखं आहे. आकडे म्हणाल, तर तैमूरी, गोएत्झे आणि प्लॉन्स्की यांनी २०१९ साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा चिंता आणि भाषेतलं यश यांच्यात सरासरी उणे ०.३६ सहसंबंध मिळाला. वर्ग करा, ०.१३. म्हणजे यशातल्या फरकांपैकी तेरा टक्क्यांच्या आसपास चिंतेशी जुळतात. कमी नाही, पण उरलेले सत्त्याऐंशी कुठे आहेत? आणि या तेरांमध्येही बाण कुठून कुठे जातो, ते सहसंबंध सांगत नाही.

मला विचाराल तर आपल्या वर्गापुरते दोघेही अपुरे पडतात. स्पार्क्स-गॅन्शाव म्हणतात मातृभाषेत बघा. बघा ना! तोच मुलगा वक्तृत्व स्पर्धेत मराठीत दहा मिनिटं न अडखळता बोलतो, पथनाट्यात काम करतो. त्याच्या भाषिक क्षमतेत काही खोट दिसत नाही. आणि हॉर्विट्झ म्हणतात चिंतेत बघा. पण तोच जर्मनच्या वर्गात बिनधास्त आहे. दोघेही कारण मुलाच्या डोक्यात शोधतात. बारा वर्षांत त्याला इंग्रजी कुणी, किती, कशी शिकवली, त्याच्या घरात इंग्रजीचं एकही पुस्तक नव्हतं, पाचवीत इंग्रजीचा तास गणिताचे सर घ्यायचे, हे कुठल्या चलात बसवायचं?

हा नुसता पद्धतिशास्त्राचा कीस नाही. प्रबंधाच्या शेवटी शिफारशी असतात आणि त्या कुणीतरी वाचतं. 'विद्यार्थ्यांमध्ये मध्यम ते उच्च चिंता आढळली' असं लिहिलं की शिफारस येते समुपदेशनाची, भाषा प्रयोगशाळेची, व्यक्तिमत्त्व विकासाच्या एकदिवसीय कार्यशाळेची. दोष मुलाकडे जातो, उपायही मुलावरच होतो. वर्गात शंभर मुलं आहेत, मुलांना बोलायला एकही मिनिट मिळत नाही, चुकलं की सर्वांदेखत हशा होतो आणि सरही त्यात सामील होतात, याबद्दल शिफारस येत नाही. कारण त्याबद्दल विधानच नव्हतं. जे विचारलं नाही ते सापडत नाही.

आणि कोण विचारण्याच्या कक्षेत आलं, तेही बघा. भाषेच्या तासाला न जावंसं वाटतं अशा अर्थाचं एक विधान मापनीत आहे. त्याचं उत्तर कोण देतं? तासाला आलेले. प्रश्नावली वाटल्या त्या मंगळवारी जे आले नाहीत, त्यांचं उत्तर पटावर आहे, पण तुमच्या तक्त्यात नाही. जी मुलगी इंग्रजीच्या भीतीने पहिल्या सत्रानंतर कॉलेजच सोडून गेली, ती तर नमुन्यात असूच शकत नाही. टेक्सासलाही हा प्रश्न आहे, पण तिथे स्पॅनिश सोडून दुसरी भाषा घेता येते. आपल्याकडे इंग्रजी सोडायचं म्हणजे पुष्कळदा कॉलेज सोडायचं. म्हणून म्हणते, कॉलेज देत असेल तर हजेरीपट मागा. पटावरची संख्या आणि प्रश्नावलींची संख्या शेजारी शेजारी लिहा. फरक चाळीसचा निघाला तर त्या चाळिसांपैकी पाच जणांना फोन करा. तेहतीस विधानांपेक्षा जास्त कळेल.

गाईड म्हणाले की मापनी हीच घ्यायची, तर वाद घालत बसू नका, घ्या. पण थोडं उलट्या क्रमाने. आधी आठ-दहा मुलांशी बोला, मराठीत, वर्गाबाहेर, कॅन्टीनमध्ये चहा घेत. मग मराठी विधानं त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक विधान वाचून ते काय समजले ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. उत्तर नको, अर्थ सांगू द्या. उलट विधानांपाशी ते अडखळतील, कारण 'मला काही वाटत नाही' या वाक्याला 'असहमत' म्हणणं म्हणजे काय, हे मराठीत चटकन उलगडत नाही. जिथे चार जण अडले ते विधान बदला किंवा काढा, आणि मूळ मापनी बदलली आहे असं स्पष्ट लिहा. ऐकलेल्या शब्दांतून पाच-सहा नवी विधानं लिहा. बारा वर्षांच्या लाजेचं एक तरी असू द्या. मग टेक्सासच्या सरासरीशी तुलना करता येणार नाही. नका करू. तुमच्याच वर्गातल्या मराठी माध्यमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांची तुलना करा, तीच जास्त बोलेल.

आरएसीच्या बैठकीत प्रश्न येणारच, "प्रमाणित साधन असताना तुम्ही ते बदललं का?" त्यावेळी हॉर्विट्झ यांच्यावर टीका करू नका, समितीला तेवढा वेळ नसतो. पायलटमध्ये मुलांना जी विधानं कळली नाहीत किंवा लागूच पडली नाहीत, त्यांची यादी काढून दाखवा. प्रत्येकासमोर किती जण अडले तो आकडा, आणि एखाद्याने काय अर्थ लावला त्याची एक ओळ. आणि प्रबंध लिहाल तेव्हा ती यादी परिशिष्टात ढकलू नका. तिसऱ्या प्रकरणात घ्या.